मोतिया कोटावरचं बोट

शशिकलाबाईंना कापड कळत असे. मिरजेत त्यांनी एकतीस वर्षं साड्यांना फॉल लावले, पिको केलं. दुकान नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीला पिशवी, पिशवीत साडी आणि साडीत नावाची चिठ्ठी. दोन बोटांत कापड धरलं की ते धुतल्यावर किती आटेल, कुठे ओढ घेईल, कुठला रंग पाणी लागताच सुटेल, हे त्या सांगत. एकतीस वर्षांत एकाही बाईची साडी त्यांच्या हातून खराब झाली नव्हती. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत. पण माणसाला आपल्या घराचा पत्ता माहीत असावा तसं त्यांना हे माहीत होतं.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला मुलाकडे त्या ऑक्टोबरात आल्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा अनुप सॉफ्टवेअरमध्ये, सून अक्षया जवळच्या रीडिंग शहरात एका विमा कंपनीत, नात दिया नऊ वर्षांची, इथंच जन्मलेली. सकाळी साडेआठला तिघं तीन दिशांना जात आणि घर बंद होई, शशिकलाबाईंसकट. इंग्रजी त्यांना पाटीवर वाचता येई. माणसाच्या तोंडून आलं की मात्र ते सुटं होत नसे, एकाच लांब शब्दासारखं अंगावरून जाई. त्यामुळे शेजारची म्हातारी कुंपणावरून काही बोलली की त्या हसत. बसमध्ये कुणी काही विचारलं की हसत. दिवसाच्या शेवटी त्यांचे गाल दुखत.

ड्रायक्लीनरचं काम त्यांनी मागून घेतलं.

"आई, तुम्ही कशाला? मी शनिवारी टाकीन ना कपडे," अक्षया म्हणाली होती.

"अगं, दिवसभर घरात बसून माझे पाय आखडलेत. चिठ्ठी द्यायची, कपडे घ्यायचे. त्यात बोलायचं काय असतं?"

"आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"तर मी हसेन."

अक्षयाही हसली. तिचं आणि सासूचं बरं होतं.

घरामागून एक पायवाट मोठ्या चौकाखालच्या बोगद्यातून पलीकडे जाई. तिथे पाच दुकानांची एक ओळ होती. त्यातलं शेवटचं ड्रायक्लीनरचं. मालक टेरी, उंच, नेहमी मान वाकवून बोलणारा. पण दुपारी काउंटरवर बहुतेक हालिनाच असे. युक्रेनमधून आलेली, पन्नाशीची, रुंद मनगटांची बाई. मागच्या बाजूला वाफेची इस्त्री आणि खिडकीशी शिलाईचं मशीन. कपडे लहानमोठे करायचं सगळं काम तिचं. इंग्रजी तिलाही फारसं येत नव्हतं. गिऱ्हाईक भरभर बोलायला लागलं की ती हात वर करून "स्लो, प्लीज" म्हणे आणि तिचे कान लाल होत. शशिकलाबाईंनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. असं बरं वाटणं चांगलं नव्हे, हेही त्यांच्या लक्षात आलं. पण बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला अनुपची पॅन्ट घेताना त्यांनी खालची दुमड उलटी करून टाका पाहिला. बाहेरून टाक्याचा मागमूस नव्हता. आतून एकसारखे, मुंगीएवढे टाके. त्यांनी वर पाहिलं. हालिना त्यांच्याकडेच बघत होती.

"गुड," शशिकलाबाई म्हणाल्या.

"गुड?" हालिनाने विचारलं.

"गुड, गुड." आणि त्यांनी हवेत सुई धरून साडीला फॉल लावायचा टाका घालून दाखवला. हालिनाने बोटांकडे नीट पाहिलं, मग त्यांचा हात धरून त्यांना काउंटरच्या आत नेलं, मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं आणि खरी सुई दिली.

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी शशिकलाबाईंना काहीतरी कारण सापडे. कधी अनुपचा शर्ट, कधी पडदा. त्या दोघींमध्ये चार शब्द चालत: गुड, नो गुड, टुमारो, थँक यू. बाकीचं कापड बोले. एकदा शशिकलाबाईंनी आपली एक जुनी साडी नेऊन तिला फॉल लावून दाखवला. हालिनाने साडी अंगावर धरून पाहिली, आरशात स्वतःला पाहून मोठ्याने हसली आणि मग एकदम गप्प होऊन ती घडी घालू लागली. तिची आई अजून तिकडेच होती, हे शशिकलाबाईंना मोबाइलमधल्या फोटोवरून कळलं. फोटोतल्या म्हातारीच्या डोक्याला रुमाल होता. शशिकलाबाईंनी फोटोला नमस्कार केला. परदेशात येऊन पाच महिने झाले होते आणि त्यांनी स्वतः मिळवलेलं एकच माणूस होतं, हे.

मार्चमध्ये अक्षयाने नवा सूट घेतला. मोतिया रंगाचा, बारीक लोकरीचा कोट आणि पॅन्ट. सोमवारी तिला वरच्या लोकांसमोर बोलायचं होतं. ते नीट झालं तर टीम तिच्याकडे येणार होती. मागच्या वर्षी याच जागेसाठी तिचं नाव मागे पडलं होतं. अनुपने ही गोष्ट आईला फोनवर सांगितली होती आणि वर म्हणाला होता, "तिच्यासमोर विषय काढू नको." कोटाच्या बाह्या लांब होत्या म्हणून सूट हालिनाकडे गेला आणि शुक्रवारी दुपारी शशिकलाबाईंनी तो आणला. हालिनाने बाही हातावर पसरून दाखवली होती. अस्तर उसवून, बाही आत घेऊन पुन्हा अस्तर बसवलेलं. फार नाजूक काम.

"गुड?"

"व्हेरी गुड," शशिकलाबाई म्हणाल्या होत्या.

नव्या कपड्याला हळद-कुंकवाचं बोट लावल्याशिवाय तो अंगावर घालायचा नाही. शशिकलाबाईंच्या घरात हे कुणी शिकवलं नव्हतं, तसंच होत आलं होतं. अनुपचा बालवाडीचा शर्ट, नवऱ्याचा एसटी डेपोतला पहिला गणवेश, मंगळसूत्राच्या दिवशीचा शालू, सगळ्यांच्या आतल्या कोपऱ्यावर एक पिवळा आणि एक लाल ठिपका. नवरा गेल्यापासून बोट लावायची वेळ आली की त्या कोयरी जावेकडे सरकवत. विधवेने कपड्याला कुंकू लावायचं नसतं, हेही कुणी शिकवलं नव्हतं. तेही तसंच होत आलं होतं. ब्रॅकनेलला येताना मात्र चांदीची कोयरी त्यांनी अक्षयासाठी आणली. ऑक्टोबरात दियाच्या शाळेच्या नव्या स्वेटरला त्यांनी अक्षयाकडूनच बोट लावून घेतलं. दुपारी शाळेतून फोन आला, मुलीला कुठे लागलंय का म्हणून. दिया घरी येऊन आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, मिस मला सिक-रूममध्ये घेऊन गेला!" सगळे हसले. पण अक्षया नंतर स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "आई, प्लीज, इथे कपड्यांना नको. मला मग सगळ्यांना एक्स्प्लेन करत बसावं लागतं." शशिकलाबाई बरं म्हणाल्या होत्या.

त्या शुक्रवारी घरात कुणी नव्हतं. प्लॅस्टिकच्या आवरणातला कोट दाराच्या हुकाला लटकत होता. खिडकीतून उजेड त्यावर पडला होता आणि तो रिकामा कोट एखाद्या कोऱ्या माणसासारखा दिसत होता, ज्याचं अजून काहीच झालेलं नाही. शशिकलाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मागच्या वर्षी तिचं नाव मागे पडलं तेव्हाही नवेच कपडे होते का, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी देव्हाऱ्यातली कोयरी घेतली. आपण हे करणार आहोत असं त्यांनी ठरवलं नव्हतं. करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवून हळदीत टेकवलं, मग कुंकवात, आणि प्लॅस्टिक वर करून कोटाच्या खालच्या कडेला, आतून, ते दाबलं.

अस्तर तिथवर पोचत नव्हतं. कडेची दोन बोटं लोकर उघडी होती.

एकतीस वर्षं कापड हाताळलेल्या बाईला हे दिसायला हवं होतं. तिला फक्त कोट दिसत होता आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुंकवात बुडालेलं आपलं बोट. पाणी जास्त झालं होतं. रंग लोकरीतून पलीकडे गेला. त्यांनी ओल्या रुमालाने टिपलं, तर तो पसरला. बाहेरच्या बाजूला पिवळी कड असलेला बदामाएवढा तांबूस डाग उमटला. त्यांनी प्लॅस्टिक खाली सोडलं. कोयरी जागेवर ठेवली. हात धुतले. नखाच्या कडेला हळद राहिली. हळद अशी जात नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी अक्षयाने कोट काढला.

"शिट. अनुप! अनुप, इकडे ये आधी. हे बघ."

"काय झालं?"

"हे बघ ना. केवढा डाग! हे काय आहे, गंज? मशीनचं तेल?"

अनुपने कोट दिव्याखाली धरला. "दुकानातच लागलाय. दुसरं कुठे लागणार? कपाटातून बॅगेत, बॅगेतून दुकानात."

"आई, तुम्ही घेतलात तेव्हा पाहिलं नाहीत?"

शशिकलाबाई पोळी लाटत होत्या. इथं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं, अगदी साधं, शुद्ध मराठी. पण त्या वाक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नको म्हटलेलं त्यांनी केलं होतं. ते सांगता आलं असतं. दुसरी म्हणजे विधवेचं बोट सुनेच्या नव्या कोटाला लागलं होतं, तिच्या एवढ्या महत्त्वाच्या दिवसाच्या तोंडावर. ते त्यांना मुलासमोर उच्चारता आलं नसतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिक होतं ना वर."

"बरोबर आहे, तुम्हाला कसं दिसणार," अक्षया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त लागलं.

शनिवारी सकाळी तिघं मोठी माणसं दुकानात गेली. शशिकलाबाईंनी यावंच असं कुणी म्हणालं नव्हतं. पण पावती त्यांच्या पर्समध्ये होती आणि अनुप म्हणाला, "चल, तू होतीस ना घ्यायला." टेरी काउंटरवर होता. अक्षया न ओरडता बोलली. तिचं ऑफिसातलं इंग्रजी फार स्वच्छ होतं, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा. टेरीने कोट पाहिला, मान हलवली आणि आत वळून हाक मारली. हालिना हात पुसत आली. शशिकलाबाईंना पाहून तिचा चेहरा उजळला. "गुड?" ती म्हणाली. मग तिला बाकीचे चेहरे दिसले.

टेरीने डागावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. हालिनाने कोट काउंटरवर पसरला. कड उलटी केली. आतला डाग बाहेरच्यापेक्षा गडद होता. कापडाच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. रंग आतून लागला होता, आणि बाह्यांचं काम करणाऱ्याला कोटाच्या खालच्या कडेला आतून हात लावायचं काही कारणच नव्हतं. तिने नाक जवळ नेऊन वास घेतला. मग आपलं एक बोट डागाच्या वर, न टेकवता, आडवं धरलं. आतला गडद डाग बोटाच्या टोकाएवढाच होता. तिने सावकाश वर पाहिलं, शशिकलाबाईंकडे.

शशिकलाबाईंनी उजवा हात आपल्या अंगातल्या कोटाच्या खिशात घातला.

"आय..." हालिना म्हणाली. "दिस... नॉट..." तिचे कान लाल झाले. ती शब्द शोधत होती. ते शोधणं कसं असतं हे त्या दुकानात एकाच माणसाला नेमकं माहीत होतं. वाक्य आत पूर्ण असतं आणि दाराशी येऊन त्याचे हातपाय गळतात. हालिनाजवळ शब्द नव्हते. शशिकलाबाईंजवळ होते, आणि ते समजणारी दोन माणसं हाताच्या अंतरावर उभी होती. त्यांनी दुकानाच्या फरशीकडे पाहिलं. भाषा येत नाही म्हणून गप्प बसलेली बाई कशी दिसते, ते त्यांना पाच महिन्यांत चांगलं जमलं होतं. त्या तशा दिसत राहिल्या.

"सॉरी," हालिना म्हणाली.

"सॉरी तर म्हणाली," अनुप पुटपुटला. "म्हणजे कबूलच केलं."

"शी इज नॉट केअरफुल," अक्षया टेरीला म्हणाली. "आय हॅव अ प्रेझेंटेशन ऑन मंडे." टेरी पुन्हा पुन्हा माफी मागत होता. कोट फुकट साफ करून देतो म्हणाला. घरी आल्यावर अक्षयाने इंटरनेटवर दुकानाच्या पानावर पाचपैकी एक तारा दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर तिने त्या अनुपला वाचून दाखवल्या. शशिकलाबाईंना त्यातला 'लेडी' हा शब्द कळला.

सोमवारी अक्षया जुना काळा कोट घालून गेली आणि तिचं काम झालं. टीम तिला मिळाली. रात्री पिझ्झा मागवला. शशिकलाबाईंनी एक तुकडा खाल्ला. त्यांच्या मनात एक ओंगळ विचार आला: बोट लागलेला कोट तिने घातला नाही, हेच बरं झालं. मग त्यांना स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्या उठून भांडी घासायला लागल्या. भांडी घासायचं मशीन चालू होतं तरी.

दोन दिवस त्या दुकानाकडे गेल्या नाहीत. बुधवारी गेल्या, पण आत शिरल्या नाहीत. पलीकडच्या औषधांच्या दुकानाच्या काचेशी उभ्या राहून पाहिलं. काउंटरवर टेरी. हालिना मागे इस्त्रीच्या वाफेत. खिडकीजवळच्या मशीनवर कापडाचं आच्छादन होतं आणि त्यावर हँगरचा ढीग. दारावर एक कागद चिकटवला होता. तो त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचला. कपडे लहानमोठे करायला आता तीन दिवस लागतील, काम बाहेर पाठवलं जातं, एवढं समजलं. मशीनवर आच्छादन घालून त्यावर हँगर टाकणं म्हणजे काय, हे समजायला अक्षरं लागत नव्हती. मिरजेच्या घरातलं त्यांचं मशीन आता तसंच असेल. पण त्यांचं त्यांनी स्वतः झाकलं होतं.

घरी सांगायला त्यांना आणखी चार दिवस लागले. ते चार दिवस त्यांनी काही केलं नाही. फक्त रोज सकाळी आज सांगायचं असं ठरवलं आणि रोज संध्याकाळी काहीतरी आड आलं: अनुपची मीटिंग, दियाचा ताप, पाहुणे. खरं तर आड काहीच येत नव्हतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, दिया सोफ्यावर टॅबलेट घेऊन पडली असताना, त्या म्हणाल्या, "तो डाग मी लावला."

"कुठला डाग?" अनुपने विचारलं. त्याच्या दृष्टीने ते संपलं होतं.

त्यांनी सांगितलं. कोयरी, पाणी, कड, रुमाल. अक्षया ऐकत राहिली.

"पण आई, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"तुला भ्यायले नाही गं मी."

"मग?"

"माझ्या हातचं लावायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा गेल्यापासून, अनुप. माहीत असून लावलं. ते सांगायची लाज वाटली."

अनुप हसला, प्रेमाने. "अगं आई! एवढंच? कोण मानतं आता हे?"

"मी मानते."

"अगं, पण आम्ही नाही ना मानत. अक्षया, तू मानतेस?"

"छे. उलट लावलंत ते छानच केलंत, फक्त कमी पाणी..." अक्षया बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा बदलला. "ओ गॉड. मी त्या बाईला काय काय बोलले!"

एवढे दिवस जे शशिकलाबाईंनी छातीशी धरून ठेवलं होतं, ज्याच्यासाठी स्वतः मिळवलेलं एकुलतं माणूस गमावलं, त्याची किंमत एका हसण्यात संपली होती. उरली होती दुसरी गोष्ट, आणि तिच्यावर हसता येत नव्हतं.

"तिचं मशीन बंद केलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "अनुप, तू चल माझ्याबरोबर. त्या मालकाला सांगू."

"सांगायचं काय, आई? की तेव्हा आम्ही खोटं बोललो?"

"तुम्ही नाही. मी."

"त्याला तेच वाटणार. इट्स सो एम्बॅरसिंग." त्याने पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा ठेवला. "मी फोन करतो त्याला. उद्या."

"मी रिव्ह्यू काढून टाकते," अक्षया म्हणाली. तिने लगेच फोन घेतला आणि काढून टाकला. मग त्याच हाताने डोळे दाबून धरले. "आणि यापुढे टाऊनमधल्या दुसऱ्या दुकानात देऊ कपडे. मला नाही तिचं तोंड बघवणार."

सोमवारी अनुपने फोन केला नाही. मंगळवारी शशिकलाबाईंनी विचारलं नाही. मुलाने आपल्यासारखंच वागावं आणि आपण त्याला काही म्हणू नये, यात एक न्याय होता. तो त्यांनी गुपचूप गिळला.

बुधवारी शाळेतून दियाला आणायला त्या गेल्या. बोगद्यापाशी दिया घराच्या दिशेला वळली, तर त्या थांबल्या.

"दिया, मला एका ठिकाणी इंग्रजी बोलायचंय. तू बोलशील माझं?"

"त्या ड्रायक्लीनर लेडीला?" दियाने रविवारी टॅबलेटवरून मान वर केली नव्हती, पण ऐकलं सगळं होतं. "बाबा रागवेल का?"

"रागावला तर माझ्यावर रागावेल."

"मी काय सांगायचा?"

"मी बोलेन तसंच. गोड करून सांगायचं नाही."

टेरीने दियाला पाहून काउंटरवरून वाकून हॅलो म्हटलं. शशिकलाबाई काउंटरला हात टेकून उभ्या राहिल्या. या वेळी एकही हात खिशात नव्हता.

"सांग, त्या पांढऱ्या कोटावरचा डाग मी लावला."

दियाने सांगितलं. टेरीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं काहीतरी निघून गेलं.

"सांग, घरी नेल्यावर लावला. आमच्यात नव्या कपड्याला लावतात. आणि इथे उभी राहून मी गप्प बसले. मला बोलता येत होतं. माझा मुलगा शेजारी होता."

दिया इथे अडखळली. "आजी, हे पण सांगू?"

"हेच सांग."

तिने सांगितलं. टेरीने खिडकीजवळच्या झाकलेल्या मशीनकडे पाहिलं. मग काही बोलला, सावकाश, लहान मुलीला कळेल अशा बेताने.

"तो म्हणतोय, थँक यू फॉर टेलिंग," दिया म्हणाली. "पण त्याने आता रीडिंगचा टेलरला सगळा काम दिलाय. तीन महिन्यांसाठी प्रॉमिस केलाय. मग तो बघेल म्हणतोय."

"तीन महिने," शशिकलाबाई म्हणाल्या. त्यांचं विमान तेरा दिवसांवर होतं.

टेरीने आत हाक मारली. हालिना वाफेतून बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले. तिने त्यांना पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. टेरीने तिला सांगायला सुरुवात केली, पण शशिकलाबाईंनी दियाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दियाने मध्येच, घाईघाईने, सगळं पुन्हा म्हटलं. स्लो प्लीज असं हालिना या वेळी म्हणाली नाही.

"आय नो," ती म्हणाली.

मग आपलं एक बोट तिने आडवं धरलं, काउंटरच्या वर, हवेत, त्या दिवशी कोटावर धरलं होतं तसं. "फिंगर," ती म्हणाली. "आय सी. आय नो."

शशिकलाबाईंनी तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. हालिनाने तो झिडकारला नाही. तिने त्यावर आपला ओला, गरम तळवा एकदा ठेवला, जसा गिऱ्हाइकाने ठेवलेल्या कपड्यावर ठेवतात, आणि उचलून घेतला. "वर्क," ती म्हणाली आणि मागे शर्टांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. दार उघडून एक माणूस हातभर कपडे घेऊन आत आला होता. काउंटरसमोर जागा हवी होती. शशिकलाबाई आणि दिया बाजूला सरकल्या, मग बाहेर आल्या.

दोघी बोगद्याकडे निघाल्या. दुसरी मुलं सायकली घेऊन बाजूने गेली, त्यातल्या एकाने दियाला हाक मारली, तरी तिने पाहिलं नाही.

"आजी."

"काय गं?"

"तिला माहीत होता ना, की तू केलास? मग तिने तेव्हा सांगितला का नाही? तिला येत होता की. फिंगर. तेवढा तर ती म्हणू शकली असती."

शशिकलाबाई चालत राहिल्या. मराठीतच तर विचारलं होतं; कळलं नाही असं दाखवता येत नव्हतं.

"तुला राग आला का, आजी?"

"नाही."

"मग सांग ना. का नाही सांगितला?"

"पुढे बघून चाल," शशिकलाबाई म्हणाल्या. "सायकली येतायत."